जेबाचा हात आणि लाल गालिचा

"'रान उमललं बाई, बोंडाचे फुटले ओठ...' पुढे काय? लवकर सांग, नाहीतर मीच काहीतरी घुसडतो," सलील म्हणाला.

"तू घुसडलंस तर शेवटी क्रिकेटच येईल," जेबा म्हणाली. "सरक तिकडे. पुढची ओळ येतेय, तिला घाबरवू नकोस."

"ओळ काय मांजर आहे घाबरायला?" जीशान म्हणाला आणि स्वतःच हसत सुटला.

मारेगावात त्या वर्षी दिवाळी आणि ईद एकाच आठवड्यात आल्या होत्या. गावातल्या पोरांना दोन्ही घरचा फराळ चढला होता, आणि शाळा उघडायला अजून अवकाश होता. या चौघांचा बेत ठरलेला होता. सुटी संपायच्या आत एक अंक काढायचा. हाताने लिहिलेला नव्हे, चक्क कॉम्प्युटरवर टाईप केलेला, छापलेला. आणि शाळा उघडेल त्या सकाळी तो फळ्याशेजारी टांगायचा. सलील आठवीतला, तो चित्रं आणि विनोद पाहणार. त्याची बहीण मधुवंती आणि जेबा सातवीत एकाच बाकावर बसणाऱ्या. त्यांच्याकडे गाणी आणि गोष्टी. जेबाचा धाकटा भाऊ जीशान चौथीत होता. त्याच्याकडे काहीच काम नव्हतं, म्हणून तो सगळ्यांच्या कामात होता.

कॉम्प्युटर सलील-मधुवंतीच्या घरचा. पाडव्याला आला, तेव्हा त्यांच्या बाबांनी, मधुसूदनकाकांनी, नारळ फोडला होता आणि रजनीकाकूंनी पडद्याच्या कपाळावर हळदीकुंकू लावलं होतं. काकूंनी तर त्याचा संसारच मांडून दिला. आपल्या चकचकीत नायलॉनच्या साडीचं झालरवालं झाकण शिवलं. नागपूरच्या प्रदर्शनातून मखमलीसारखा लाल गालिचा आणला, त्यावर नाचणारा मोर. आणि गालिचा मळू नये म्हणून खोलीच्या दाराशी एक टोपली ठेवली. टोपलीत धुतलेले नायलॉनचे मोजे. चपला बाहेर काढायच्या, पाय पुसायचे, मोजे चढवायचे आणि मगच आत पाऊल टाकायचं. पाहुणा असो की पोस्टमन, मोज्यांशिवाय प्रवेश नाही.

पोरांना मोजे आवडायचे. गालिच्यावरून मस्त घसरता यायचं.

खुर्चीवर बसलेल्या जेबाने ओळीसाठी डोळे मिटले. दोन्ही हात मांडीवर, ईदच्या नव्या ओढणीखाली. ही ओढणी अंगावर आली की तिला वाटे, आपण एखादी चांदणी पांघरली आहे. रस्त्याने कापसाच्या गाड्या चालल्या होत्या. यंदा कापसाला भाव नव्हता. खरेदी केंद्रापुढे गाड्या कितीतरी दिवस उभ्या राहत आणि वाऱ्याने रुईचे पुंजके गावभर फिरत. एक पुंजका खिडकीतून आत आला आणि सरळ जाऊन कॉम्प्युटरच्या काचेला बिलगला.

"चिवडा आला, चिवडा!" मधुवंती ताटली घेऊन दारातूनच घसरत आली. तोल सांभाळायला तिने टेबलाशी हात टाकला. बोटं कॉम्प्युटरच्या डब्याच्या मागच्या उघड्या पत्र्याला लागली.

चट्.

बारीकसा आवाज झाला, हरभऱ्याचा घाटा फुटावा तसा. आणि पडदा काळा पडला.

सलील कीबोर्डच्या तक्त्यात डोकं खुपसून 'ठ' शोधत होता. जीशानचं लक्ष चिवड्यातल्या खोबऱ्यावर. पाहिलं ते फक्त चिवड्याच्या हाकेने डोळे उघडलेल्या जेबाने. मधुवंतीने बोट झटकन तोंडात घातलं तेही.

"पुन्हा?" आतून मधुसूदनकाकांचा आवाज आला आणि पाठोपाठ काका आले. ते तहसील कचेरीत होते. रागावले तरी फाईलवर शेरा मारल्यासारखं शांत बोलत. "कोणाचा हात लागला?"

जेबाने मधुवंतीकडे पाहिलं. बालवाडीपासूनची मैत्रीण. एका डब्यात जेवलेली, तापाच्या दिवसांत वह्या पोहोचवणारी. जेबा थांबली. आता बोलेल, आत्ता बोलेल.

"जेबा बसली होती," मधुवंती म्हणाली.

खोटं नव्हतंच ते. जेबा बसलेली होतीच. पण ते इतक्या नीट निवडून सांगितलं होतं की खोट्यापेक्षा जास्त लागलं.

"परवाही हीच होती ना खुर्चीवर?" काकांनी विचारलं.

मधुवंतीने मान हलवली. परवाचं तर खरंच होतं.

"बेटा, वाईट वाटून घेऊ नको," काका जेबाला म्हणाले. "एकेकाच्या हाताला असतं तसं. आमच्या कचेरीत एक जण आहेत, त्यांनी बोट ठेवलं की टाईपरायटरची रिबन अडकते. तू मशीनला हात लावू नको आता. म्हणजे... सध्या येऊच नको. दुरुस्त होऊ दे."

"काका, माझे हात तर—" जेबा बोलायला गेली आणि पुन्हा मधुवंतीकडे पाहिलं. मधुवंती गालिच्यावरचा मोर पाहत होती.

रजनीकाकूंनी चिवडा कागदात बांधून जेबाच्या हातात दिला. प्रेमानेच दिला. पण ज्या घरात ती रोज सगळ्यांच्या ताटलीतून खायची, तिथून आज तिला पुडी मिळाली होती.

*

"आपा, मी त्यांच्या पायरीवर म्हशीचं शेण टाकून येतो," घरी येता येता जीशान म्हणाला.

"म्हैस कुठून आणशील?"

"म्हैस नाही लागत. शेणच लागते."

एरवी ती हसली असती. घरी गेल्यावर ती अब्बांच्या दुकानाच्या मागच्या पायरीवर बसून राहिली. अय्यूबभाईंचं दुकान बसथांब्याजवळ होतं. विहिरीवरच्या मोटारी जळाल्या की लोक इथे आणत आणि अब्बा तांब्याची तार नव्याने गुंडाळून त्यांना जिवंत करत. "अय्यूबभाईच्या हाताले गुण आहे," असं माणसं म्हणत. तार गुंडाळायला जेबाही बसे. एकदा अब्बांनी तिचं काम उलटसुलट करून पाहिलं होतं आणि गिऱ्हाइकाला सांगितलं होतं, "ये हाथ मेरे पे गया है." तेव्हापासून तिला आपले हात फार आवडत. अंधारातसुद्धा ती कधी कधी त्यांच्याकडे पाहायची.

त्याच हातांना आज कोणी नाट लावला होता. आणि जिला ठाऊक होतं, ती गप्प बसली होती.

"अब्बाला सांगू?" जीशानने विचारलं.

"नको. अब्बा काय करतील माहीत आहे? तिथे जातील, आणि काही चूक नसताना माफी मागून येतील. ते मला नाही पाहवणार."

पुढले काही दिवस मधुवंती गल्लीत दोनदा समोर आली. दोन्ही वेळा तिच्या चपलेचा पट्टा ऐन तिथेच सुटला आणि तिला खाली वाकावं लागलं. जेबाला हसू आलं नाही, रडूही नाही. मात्र अडून बसलेली दुसरी ओळ एका दुपारी कुणीही न बोलावता आली. ती तिने कुणाला सांगितली नाही.

एके सकाळी अंगणात स्वेटर काढताना केसांत चरचर झाली. सकाळची हवा तेव्हा कोरडी ठणठणीत असायची, ओठ फुटत. ओढणी स्वेटरला चिकटली होती. तिने ती ओढून काढली, तर पुन्हा तडतड. रस्त्यावरून रुईचा पुंजका उडत आला आणि थेट ओढणीला जाऊन चिकटला. झटकला, तर बोटाला चिकटला.

"जीशान, कंगवा आण," ती म्हणाली.

"माझा भांग चांगला आहे."

"भांगासाठी नाही रे. पुस्तकातला प्रयोग आठवतोय. कंगवा केसांवर घासायचा आणि कागदाचे कपटे उचलायचे."

कंगवा घासला. कपट्यांच्या जागी रुई धरली. पुंजका उडी मारून कंगव्याला लटकला. जेबा त्याच्याकडे पाहत राहिली. मग हलकेच म्हणाली, "चट्."

"काय?"

"पडदा काळा पडायच्या आधी आवाज झाला होता. चट्."

*

त्याच दिवशी सलील आला. दारातच एका पायावरून दुसऱ्या पायावर होत राहिला.

"बस की," जेबा म्हणाली. "आमच्याकडे मोजे लागत नाहीत."

सलीलचे कान लाल झाले. "ऐक तर. वणीहून पूनमसिंग आलते, कॉम्प्युटरवाले. रॅमची पट्टी उडाली म्हणाले. नवी टाकली, दोन दिवस चालला आणि पुन्हा ठप्प. आता तर सुरूच होऊन नाही राह्यला. अन् तू तर घरात पायही टाकला नव्हता. मी बाबांले म्हटलं, आता सांगा. तर म्हणे, आधी झालेलं नुकसान आता बाहेर येऊन राह्यलं."

"म्हणजे मी नसले तरी मीच," जेबा म्हणाली.

"उद्या पूनमसिंग आणखी एक पट्टी आणतात. तीही गेली तर बाबा कॉम्प्युटर नागपूरला परत धाडणार. मग संपलं."

संपलं म्हणजे काय, ते जेबाला नीट कळलं. मशीन जाईल आणि गोष्ट मागे उरेल. जेबाच्या हाताने बिघडलेला कॉम्प्युटर. गावात मशीन विसरलं जाईल. हात नाही विसरला जाणार.

ती पायरीवरून उठली. "सलील, बंद कधी पडला ते सोड. चालला कधी ते सांग. अब्बा मोटारीचं आधी हेच विचारतात, नीट चालत होती तेव्हा काय होतं."

सलीलने डोकं खाजवलं. "हंसाबाई कामाला आल्या की चालते. हसू नको. हंसाबाई सध्या कापूस वेचायला जातात ना, म्हणून एखाद्या दिवशीच येतात. त्या आल्या की तो दिवस चांगला जाते."

"त्या कॉम्प्युटरला काय करतात?"

"त्याले? हातबी नाही लावत. भितात. गालिचा गुंडाळून गच्चीच्या कठड्यावर टाकतात, ओल्या फडक्याने खोली पुसतात. गालिचा संध्याकाळी परत—" सलील थांबला. "गालिचा?"

"पूनमसिंग पट्टी बसवतात तेव्हा कुठे बसतात?"

"गालिच्यावरच. मांडी घालून. मोजे घालून. आईने लावले ना घालायले."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"आपा," जीशान म्हणाला, "शेणाचं राहू दे मग."

*

दुपारी काका-काकू तुळशीच्या लग्नाची खरेदी करायला बाजारात गेले आणि मधुवंती शेजारच्या गल्लीत मावशीकडे. सलीलने मागचं दार उघडलं. जेबाने उंबऱ्यावर क्षणभर पाय थांबवला. येऊ नको म्हटलेल्या घरात ती चोरासारखी शिरत होती, आणि तेही स्वतःची चोरी नव्हती हे सांगायला.

तिने ओंजळीतून रुईचा एक हलका पुंजका काढला, दोऱ्याला बांधला आणि दोरा खिडकीच्या दांड्याला टांगला. पुंजका वाऱ्याविना निवांत लोंबत राहिला, झोपलेल्या चिमणीसारखा.

"मोजे घाल," ती सलीलला म्हणाली. "गालिच्यावर पाय घासत चाल. आता बोट पुंजक्याजवळ ने. लावू नको."

सलीलने बोट नेलं. पुंजका चटकन वळला आणि बोटावर झेपावला.

"बापरे," सलील म्हणाला. "हे तर भूकच लागल्यासारखं करून राह्यलं."

मग त्यांनी गालिचा बाजूला सारला आणि कोठीतली जुनी सुती सतरंजी अंथरली. सलीलने मोजे काढून अनवाणी, पाय दुखेस्तोवर फेऱ्या मारल्या. बोट नेलं, तर पुंजका झोपलेलाच. पुन्हा गालिचा, पुन्हा मोजे, पुन्हा उडी. शेवटी जेबाने कॉम्प्युटरवरचं नायलॉनचं झाकण जोरात ओढलं, काकू रोज ओढायच्या तसं. तडतड आवाज झाला आणि पुंजका जाऊन झाकणालाच चिकटला.

"मोजे नायलॉनचे, झाकण नायलॉनचं, गालिचा तसलाच," जेबा म्हणाली. "आपण घासत चालतो, अंगात वीज साठते. पत्र्याला बोट लागलं की ती सगळी उडी मारते. आपल्याला नुसता चटका बसतो, पण आतल्या नाजूक पट्ट्यांना सोसत नाही."

"बाबा म्हणतात, यंदा कापसाले कुठंच भाव नाही."

"या घरात तर मुळीच नाही," जेबा म्हणाली.

जीशान टेबलाखाली शिरला होता. तिथून त्याचा आवाज आला, "आपा, याचा एक पाय तुटला आहे."

प्लगची पिन होती. तीन पायांची, पण वरचा जाड पाय कापलेला.

"बाबांनीच कापला," सलील म्हणाला. "बोर्डाले दोनच भोकं होती."

जेबाने कपाळावर हात मारला. दुकानात तिने शंभरदा ऐकलं होतं. तो जाड पाय म्हणजे अर्थिंग, जास्तीची वीज जमिनीत उतरवणारा. तोच नसेल तर डब्यावर आलेली वीज जाणार कुठे?

"काय चाललंय?"

दारात मधुवंती उभी होती. तिची नजर गालिच्यावरून सतरंजीवर, तिथून जेबावर आली. "बाबांनी तुला यायला नाही म्हटलंय. मी सांगीन त्यांना."

"सांग," जेबा म्हणाली. "तुला नीट सांगता येतं."

जेबाने दोरा सोडला, पुंजका तळहातावर घेतला आणि ती मागच्या दाराने निघून गेली. जाता जाता तिला वाटलं होतं, मागून हाक येईल. आली नाही.

*

दुसऱ्या दिवशी पूनमसिंग मोटारसायकलवरून उतरले. अंगात चुरचुर वाजणारं नायलॉनचं जाकीट, खिशात रॅमची नवी पट्टी, तोंडात अखंड बोलणं.

"पोट्टे हात लावतात अन् नाव कंपनीचं खराब होते, काकाजी. आता ही पट्टी बसवतो अन् सांगतो, लहान लेकराले खोलीतच येऊ देऊ नका."

"लावला होता एका मुलीने हात," काका म्हणाले. "तिला बंद केलं आता."

जेबा व्हरांड्याबाहेर नळाशी उभी होती. तिला ते ऐकू गेलं. तिने ओढणीची गाठ घट्ट केली आणि जीशानला मान हलवून खूण केली.

पूनमसिंगांनी मोजे चढवले, गालिच्यावर मांडी ठोकली, पट्टी बाहेर काढणार, एवढ्यात जीशान पाण्याचा तांब्या घेऊन आत आला. पाहुण्यांना पाणी द्यायला. दारातल्या टोपलीत पाय अडकला, निदान अडकल्यासारखा तरी दिसला, आणि अख्खा तांब्या मोरावर उपडा झाला.

"अरे देवा, माझा गालिचा," रजनीकाकू ओरडल्या. "उचला, आधी उचला तो."

"काकू, मी धरतो," सलील म्हणाला. जेबाने पढवलेलं वाक्य तसंच तोंडातून गेलं होतं; मग चूक उमगून म्हणाला, "आई, मी धरतो." तो कधीचाच तयारीत उभा होता. घाईत कुणाच्या लक्षात आलं नाही. ओला गालिचा व्हरांड्यात आला, खोलीत सतरंजी पडली. गालिच्याचं एक टोक मात्र कोरडंच राहिलं होतं, आणि सलीलने नेमकं तेच नळाकडे पसरलं.

"काका," जेबा म्हणाली.

मधुसूदनकाका वळले. "तू? बेटा, मी तुला—"

"मी आत येत नाही, काका. इथूनच. पट्टी बसवायच्या आधी फक्त या कोरड्या टोकावर पाय घासत चार फेऱ्या मारता का? आणि मग नळाला बोट लावा."

"कशासाठी?"

"मारा ना, बाबा," सलील म्हणाला. "मारल्याने काही जाते का?"

काकांनी मारल्या. कचेरीत साहेबांपुढे चालावं तशा गंभीरपणे, मोजे घासत. मग नळाकडे बोट नेलं.

चट्.

"अगाई ग," काका टुणकन मागे उडाले. जीशान पोट धरून खाली बसला.

"नळात करंट आला का काय?" काकू घाबरल्या.

"नळात नाही काकू, काकांत," जेबा म्हणाली. तिने रुईचा पुंजका दोऱ्याला धरून उंच केला. "आता पूनमकाका, तुम्ही."

पूनमसिंग हसत हसत गालिच्यावर चढले. बोट न्यायचा अवकाश, पुंजका त्यांच्या जाकिटावर जाऊन बसला. त्यांचं हसू हळूहळू आटलं. खिशातल्या पट्टीकडे हात गेला आणि तिथेच थांबला.

"मागची पट्टी मी अशीच बसवली," ते म्हणाले. "गालिच्यावर बसून. वर त्या झाकणाने पुसूनही काढली." त्यांनी खिशातून हात रिकामाच बाहेर काढला. "मले वाटलं, कंपनीचाच माल खराब. मीच मारली ती."

"आणि पिनेचा पायही कापलेला आहे," जीशान म्हणाला. "मी पाहिला." त्यानंतर काकांनी आकाशाकडे पाहिलं.

जेबा आता जिंकली होती. इथेच थांबली असती तरी चाललं असतं. पण तिने आपली चांदणीसारखी ओढणी काढली, गालिच्याच्या कोरड्या टोकावर एकदा घासली आणि पुंजक्याजवळ धरली. पुंजका इतक्या जोरात झेपावला की दोरा हातातून सुटला.

"ही माझी ईदची ओढणी," ती म्हणाली. "हीसुद्धा तसलीच. चिवड्याच्या आधीच्या वेळी मी खुर्चीवर होते, तेव्हा बंद पडला तो माझ्यामुळेच असणार. मला तेव्हा माहीत नव्हतं. माहीत असतं तर सांगितलं असतं."

तिने हे म्हणताना कुणाकडेही पाहिलं नाही. तरी दाराच्या चौकटीला टेकून उभी असलेली मधुवंती हलली.

"त्या दिवशी माझा हात लागला होता," मधुवंती म्हणाली. आवाज इतका बारीक की काकूंनी विचारलं, "काय गं?"

"चिवड्याच्या दिवशी. चटका मला बसला. जेबाचे हात मांडीवर होते. मला वाटलं, बाबा मलाच बंदी करतील."

काकांनी लेकीकडे पाहिलं. मग जेबाकडे वळून म्हणाले, "चुकलं आमचं, बेटा. माझं आधी. विचारायला हवं होतं, ते मी ठरवूनच टाकलं." आणि पूनमसिंगांना मोठ्याने म्हणाले, "पाहिलंत? अय्यूबभाईंची लेक आहे ही. हाताला गुण आहे पोरीच्या."

"हातालेच नाही, डोक्यालेही," पूनमसिंग म्हणाले.

जेबाने ते शब्द ऐकले. किती दिवस त्यांचीच वाट पाहिली होती. पण आले ते त्याच तोंडून, ज्याने नाट लावला होता. आणि तेवढे गोड लागले नाहीत, जेवढे लागायला हवे होते.

काकूंनी तिचा हात धरून तिला आत नेलं. मोज्यांच्या टोपलीजवळ जरा थबकल्या आणि टोपली पायाने बाजूला सारली.

*

संध्याकाळी अय्यूबभाई स्वतः आले. अर्थिंगसाठी अंगणात खड्डा खणला, कोळसा आणि मीठ घालून पाईप पुरला, नवा तीन भोकांचा बोर्ड बसवला. काका सगळा वेळ बॅटरी धरून उभे होते आणि "अय्यूबभाई, चहा?" असं पुन्हा पुन्हा विचारत होते. पूनमसिंगांनी जाकीट काढलं, सतरंजीवर अनवाणी बसून, एक हात डब्याच्या पत्र्यावर ठेवून पट्टी बसवली. कॉम्प्युटर सुरू झाला. झाकणासाठी काकूंनी जुन्या सुती साडीचा पदर फाडला. लाल मोर बैठकीच्या भिंतीवर टांगला गेला. तिथे नाचायला त्याला कुणाच्या पायांची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी जेबा आली, अम्मीची सुती ओढणी घेऊन. खुर्चीवर बसण्याआधी तिने भिंतीत रुतलेला खिडकीचा लोखंडी गज मुठीत धरला, मग कीबोर्डला हात लावला. हा तिनेच केलेला नियम होता. कॉम्प्युटरला शिवण्याआधी गज, अंगातली वीज तिथेच उतरावी म्हणून.

बंद पडल्यावर पहिली ओळ पुसली गेली होती. तिने ती नव्याने टाईप केली आणि तिच्याखाली दुसरी, त्या दुपारी आलेली.

रान उमललं बाई, बोंडाचे फुटले ओठ
सई बोलंना गं, तिच्या बोलाला पडली गाठ

सलीलने वाचली आणि शहाण्यासारखं काहीच न बोलता तो जीशानला घेऊन चिवडा शोधायला गेला.

मधुवंती मागे उभी होती. तिने ओळ वाचली. पुन्हा वाचली.

"ही माझ्यावर आहे," ती म्हणाली.

"हो."

"शाळेत टांगायची?"

"टांगायची. तुझं नाव नाही त्यात."

मधुवंतीने नाक ओढलं. "जेबा, मी त्याच दिवशी सांगायला हवं होतं."

"हो," जेबा म्हणाली. ती तिला सोपं करून द्यायला तयार नव्हती. पडद्यावरचा बारीक दांडा ओळीच्या टोकाशी लुकलुकत राहिला. बाहेर कापसाची एक गाडी कुरकुरत गेली.

"मी टाईप करू? पुढचं पान?" मधुवंतीने हात पुढे केला.

"आधी गज."

मधुवंतीने खिडकीशी जाऊन गज धरला. लोखंड सकाळच्या हवेने गार होतं. तिने जेबाकडे वळून पाहिलं.

"सोडू?"

जेबा खुर्चीवरून थोडी बाजूला सरकली. एका माणसापुरती जागा झाली.

"अजून थोडा वेळ धर," ती म्हणाली.